कलामहाविद्यालय आणि कुंपणापलीकडची वस्ती : प्राचार्यांनी या चुका टाळाव्यात

वार्षिक प्रयोगाच्या संध्याकाळी प्रेक्षागृहात विद्यार्थ्यांचे आईवडील दिसतात, व्यवस्थापनातील मंडळी दिसतात, प्रमुख पाहुण्यांबरोबर आलेली चार माणसे दिसतात. मात्र महाविद्यालयाच्या कुंपणापलीकडे राहणारे कोणीही दिसत नाही. नृत्य, नाट्य आणि संगीत शिकवणाऱ्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांकडून ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे आणि तिच्यावर सुचवले जाणारे उपायही मला पाठ झाले आहेत : फलक वाढवा, पत्रके वाटा, मालिकेतला एखादा ओळखीचा चेहरा बोलवा. नवी मुंबईतील अशाच एका महाविद्यालयाची जबाबदारी मी अकरा वर्षे सांभाळली आणि पहिल्या तीन वर्षांत हे सारे उपाय मनापासून करून पाहिले. एखाद्या वर्षी प्रेक्षागृह भरलेही. पण दुसऱ्या दिवशी महाविद्यालयासमोरच्या चहावाल्याला आत काय झाले हे ठाऊक नव्हते. आपले दुखणे प्रसिद्धीच्या अभावाचे नाही, आपली कोणाशी ओळखच झालेली नाही, हे समजायला मला फार वेळ लागला. त्या काळातील चुका येथे मांडत आहे. त्यांपैकी काही माझ्या आहेत, तर काही ठाण्यातील सहकाऱ्यांनी मोकळेपणाने सांगितलेल्या आहेत.

शेजाऱ्यांना केवळ प्रेक्षक समजणे

बहुतेक महाविद्यालयांचा वस्तीशी पहिला संपर्क निमंत्रणपत्रिकेतून होतो. त्याआधी वर्षभर त्या वस्तीने आपल्याला वेगळ्याच रूपात अनुभवलेले असते : संध्याकाळी सुरू होणारा ढोल, फाटकासमोर उभी राहणारी दुचाकींची रांग, रंगीत तालमीच्या दिवशी रस्ता अडवून नेपथ्य उतरवणारा टेम्पो. जो आपल्याला केवळ त्रास म्हणून ओळखतो, त्याच्या हातात एकाएकी पत्रिका ठेवली, तर तो ती घडी घालून बाजूला ठेवणार, हे स्वाभाविक आहे.

आमच्या तालीमघराच्या खिडक्या शेजारच्या गृहनिर्माण सोसायटीच्या बाजूला उघडत असत. लोकनृत्याच्या तालमी सुरू झाल्या की तक्रारी येत आणि आम्ही त्यांना नियमांचे उत्तर देत असू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि आम्ही साडेआठला तालीम थांबवतो, असे मी स्वतः दोनदा लिहून कळवले होते. वास्तविक बंद खोलीतला ढोलही ५५ डेसिबलच्या मर्यादेत राहतो की नाही, हे आम्ही कधी मोजले नव्हते. तिसऱ्या वेळी त्या सोसायटीतील एक वृद्ध गृहस्थ स्वतः भेटायला आले. त्यांची पत्नी अंथरुणाला खिळलेली होती आणि संध्याकाळी सहा ते आठ हीच तिची झोपेची वेळ होती. तालमी बंद करा, असे ते म्हणाले नाहीत. कोणत्या दिवशी ढोल वाजणार आहे, ते आदल्या आठवड्यात कळले तर त्या दिवशी तिला मागच्या खोलीत हलवता येईल, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

त्या दिवसापासून तालमींचे महिन्याचे वेळापत्रक आम्ही सोसायटीच्या सूचनाफलकावर लावू लागलो, ढोल आणि पखवाज इमारतीच्या मागील बाजूच्या खोलीत नेले आणि खिडक्यांना जाड पडदे लावले. या तिन्ही गोष्टींना मिळून जेवढा खर्च आला, तो एका वर्षाच्या फलकांच्या खर्चापेक्षा कमी होता. त्याच वर्षी एका रंगीत तालमीला आम्ही फक्त शेजारच्या तीन सोसायट्यांना आणि समोरच्या दुकानदारांना बोलावले. सतरंजीवर बसवले, चहा दिला आणि दिग्दर्शकाने प्रसंग मध्येच थांबवून प्रकाशयोजना कशी बदलते, ते त्यांच्यासमोर करून दाखवले. तयार प्रयोग पाहताना माणूस मागे टेकून बसतो, तर तालीम पाहताना तो पुढे सरकून बसतो, असे मला तेव्हा दिसले आणि नंतर प्रत्येक वेळी दिसत राहिले. ज्या प्राचार्यांना सुरुवात कोठून करावी हे सुचत नाही, त्यांनी आपली एक तालीम शेजाऱ्यांसाठी खुली करावी.

नगर पाहून गाव न पाहणे

नवी मुंबईत ही चूक फार सहज होते, कारण शहराची रचनाच तिला पोषक आहे. १९७० च्या मार्चमध्ये नवे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनींवर नव्या शहराची आखणी झाली आणि सेक्टर, प्लॉट, नोड ही येथील पत्त्यांची भाषा झाली. त्या आखणीच्या मधोमध घणसोली, करावे, सारसोळे, दिवाळे, बोनकोडे ही आगरी-कोळी गावे आपापली मंदिरे, मैदाने आणि मानपान सांभाळून आहेत. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, ही आठवण या गावांतील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आजही येते. अशा गावाशेजारी उभ्या राहिलेल्या कोणत्याही मोठ्या इमारतीकडे गावकरी प्रथम सावधपणेच पाहणार, हे प्राचार्यांनी गृहीत धरले पाहिजे. आपण गावात जातो तेव्हा रिकाम्या पाटीवर लिहायला जात नसतो.

माझी सर्वांत मोठी चूक येथेच झाली. लोककलांचा महोत्सव आम्ही पहिल्यांदा केला तेव्हा स्थानिक कला हवी म्हणून जवळच्या गावातील एका धवलारणीला निमंत्रण दिले. धवला ही आगरी समाजातील लग्नविधीची गाणी, आणि ती गाणारी धवलारीण ही त्या विधीची पुरोहित असते. मांडव, हळद, तेलवण, लग्न अशा क्रमाने ती गात जाते आणि तिच्या गाण्याबरोबर विधी पुढे सरकतो. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र तिच्या नावापुढे ‘सहा मिनिटे’ असे लिहिले होते, कारण प्रत्येक कलाप्रकाराला आम्ही सहाच मिनिटे दिली होती. त्या बाई दोन सोबतिणींना घेऊन, नऊवारी नेसून वेळेवर आल्या आणि विंगेत तासभर उभ्या राहिल्या. त्यांनी गायला सुरुवात केली, देवदेवतांना आवतण देऊन होते ना होते तोच सूत्रसंचालन करणाऱ्या विद्यार्थ्याने हात जोडून आभार मानले आणि टाळ्या सुरू झाल्या.

जाताना त्या मला एवढेच म्हणाल्या, “देवांना बोलावलं आणि जेवायला न घालताच उठवलंस, बाय.” त्यानंतर दोन वर्षे त्या गावातून आमच्याकडे कोणी आले नाही आणि आमची माणसे गेली तर आदराने चहा मिळे, त्यापलीकडे काही नाही.

हे जेथे जेथे घडते, तेथे कारण बहुधा एकच असते. कलाप्रकार निवडणाऱ्या समितीत त्या कलेची एकही जाणकार व्यक्ती नसते. कथकची तालीम किती वेळ चालावी, याचा निर्णय आपण कथकच्या गुरूंना विचारल्याशिवाय घेत नाही. परंतु धवला, कोकणातले जाखडी नृत्य, आदिवासींचे तारपा नृत्य किंवा भजन यांच्या बाबतीत तो निर्णय मंचव्यवस्थापक घेतो. यावरील उपाय सरळ आहे, फक्त तो आधी करावा लागतो. निमंत्रण देण्यापूर्वी ती कला तिच्या मूळ जागी एकदा संपूर्ण पाहावी, विभागप्रमुखांनी आणि शक्य असेल तर प्राचार्यांनीही पाहावी, आणि मग त्या कलावंतालाच विचारावे की यातला कोणता भाग मंचावर येऊ शकतो आणि कोणता येऊ शकत नाही. काही भाग मंचावर येणारच नाही, असे उत्तर मिळाले, तर ते मान्य करावे.

ठाण्यातही हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो. मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन, नौपाड्यातील संगीतप्रेमी घरे आणि घोडबंदर रस्त्यावरील नव्या वसाहती एवढेच ठाणे डोळ्यांसमोर ठेवून कार्यक्रम आखले जातात. येऊरच्या डोंगरातील आदिवासी पाडे, कळवा आणि मुंब्रा, कोकणातून आलेल्या कुटुंबांनी भरलेले लोकमान्यनगर हे सारे त्याच महापालिकेच्या हद्दीत आहेत. पण महाविद्यालयाच्या नकाशावर ते नसतात.

तारीख आपल्या सोयीने ठरवणे

महाविद्यालयाचे वेळापत्रक विद्यापीठाच्या परीक्षांभोवती फिरते आणि उरलेल्या दिवसांत नाट्यगृहाची तारीख मिळेल तो दिवस कार्यक्रमाचा ठरतो. वस्तीचे वेळापत्रक वेगळे असते. ते कोठेही छापलेले नसते, विचारल्याखेरीज कळत नाही.

वाशीच्या घाऊक बाजारात काम करणारी माथाडी कुटुंबे कोपरखैरणे आणि घणसोली परिसरात मोठ्या संख्येने राहतात. त्यांतील अनेकांची मुळे सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतील गावांत आहेत आणि भजन, भारूड, गोंधळ यांचे जाणकार त्यांच्यात सापडतात. भाजीपाल्याच्या गाड्या रात्रीच बाजारात लागतात आणि पहाटेपूर्वी काम सुरू होते. त्यामुळे रात्री साडेआठचा प्रयोग त्यांच्या दृष्टीने झोपेच्या वेळेचा प्रयोग असतो. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा असतात, तेव्हा ही घरे बंद असतात. कोकणातली कुटुंबे गणपतीला आणि शिमग्याला गावी जातात. जाखडीचे संच त्याच दिवसांत तिकडे नाचत असतात, आणि नेमके तेव्हाच आपण त्यांना येथे शोधत असतो. कोळीवाड्यांत १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची समुद्रातील मासेमारी बंद असते. त्या दिवसांत जाळी विणण्याची आणि होड्यांच्या डागडुजीची कामे निघतात, परंतु माणसे घरी भेटतात. त्यानंतर नारळी पौर्णिमेची तयारी लागते आणि मग कोणालाही फुरसत नसते. जूनमध्ये महाविद्यालयाचे वर्ष सुरू होत असल्याने कोळीवाड्याबरोबरचे काम पहिल्याच सत्रात ठेवणे दोघांनाही सोयीचे जाते.

ज्या वर्षी आम्ही माथाडी वसाहतीसाठी नाट्यप्रयोग दुपारी चार वाजता ठेवला, त्या वर्षी काही प्राध्यापकांना ते कमीपणाचे वाटले. दुपारचा प्रयोग म्हणजे बालनाट्य, असा समज रुजलेला आहे. त्या दुपारी मागच्या रांगांतही माणसे उभी होती, त्यामुळे मला पुढे समजूत घालावी लागली नाही.

कलावंताची सन्मानचिन्हावर बोळवण

शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह देऊन पाठवणी करण्याची रीत महाविद्यालयांत इतकी रुळली आहे की त्यात काही चुकते आहे, असे वाटेनासे झाले आहे. पुण्याहून येणाऱ्या गायकाला मानधन, प्रवासखर्च आणि निवास मिळतो. दोन किलोमीटरवरून आपला पखवाज खांद्यावर घेऊन येणाऱ्या भजनी बुवांना मात्र ‘आपलेच आहेत’ म्हणून नारळ मिळतो. त्या बुवांनी त्या दिवसाची मजुरी बुडवलेली असते. आपलेपणाचा अर्थ असा लावू नये.

यासाठी वार्षिक अंदाजपत्रकात स्थानिक कलावंतांच्या मानधनाचे स्वतंत्र शीर्ष असले पाहिजे. ते नसेल तर प्रत्येक वेळी ‘संकीर्ण’ खर्चातून रक्कम काढावी लागते, लेखापाल पावती मागतो, कलावंताकडे छापील बिल नसते आणि पैसे दोन-तीन महिने अडकतात. व्यवस्थापनाने आधीच ठराव करून साध्या पावतीवर, ओळखपत्राची प्रत जोडून, कार्यक्रमाच्या दिवशीच रक्कम खात्यात जमा करण्याची पद्धत मंजूर करून घ्यावी. हे काम लेखापालाने आपणहून करावे, अशी अपेक्षा धरू नये. प्राचार्यांनी हा ठराव स्वतः मांडावा लागतो.

ध्वनिमुद्रणाचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. विद्यार्थी उत्साहाने चित्रीकरण करतात, महाविद्यालय ते समाजमाध्यमांवर टाकते, आणि ज्या बाईने आयुष्यभर जपलेले गाणे दिले तिला ते नातवाच्या मोबाइलवर, आपल्या नावाशिवाय दिसते. चित्रीकरण करायचे की नाही, ते कोठे वापरायचे, नाव कसे लिहायचे आणि प्रत कोणाला द्यायची, हे मराठीत एका पानावर लिहून, वाचून दाखवून, मगच सही घ्यावी. आमच्या अनुभवात निम्म्या कलावंतांनी विद्यार्थ्यांच्या अभ्यासापुरते चित्रीकरण चालेल, पण बाहेर टाकू नका, असे सांगितले. विचारले नसते तर हे कधी कळलेच नसते.

हक्क आणि परवानग्या शेवटच्या आठवड्यावर ढकलणे

महाविद्यालयाच्या आवारातला प्रयोग वस्तीत नेला की त्याचे कायदेशीर स्वरूप बदलते, हे बऱ्याच ठिकाणी लक्षात घेतले जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेच्या कामाचा भाग म्हणून शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगाला सूट आहे. परंतु ती प्रेक्षक म्हणून शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्तीच असतील तेव्हाची आहे. तोच प्रयोग मैदानावर सर्वांसाठी खुला केला की त्या सुटीचा आधार राहत नाही. विनामूल्य प्रयोगाची जी वेगळी सूट आहे, ती हौशी मंडळांसाठी लिहिलेली आहे. तिच्या भरवशावर महाविद्यालयाने राहू नये. लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी मागावी आणि मानधन ठरवावे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हा हक्क संपतो. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची नाटके आज कोणालाही करता येतात. मात्र त्याच नाटकाची अलीकडे कोणी केलेली रंगावृत्ती किंवा पार्श्वसंगीत घेतले, तर त्याचे हक्क स्वतंत्र असतात.

सार्वजनिक नाट्यप्रयोगाच्या संहितेसाठी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची, मैदानासाठी महापालिकेची परवानगी लागते. या अर्जांना वेळ लागतो, म्हणून प्रयोगाची तारीख ठरते त्याच दिवशी ते निघाले पाहिजेत.

प्रत्येक निमंत्रणाला होकार देणे

वस्तीशी जवळीक झाली की मागण्या सुरू होतात. अमुक मंडळाच्या व्यासपीठावर एक लावणी पाठवा, तमुक उद्घाटनाला स्वागतनृत्य हवे, मिरवणुकीत लेझीम पथक चालेल. लोक आपल्याला बोलावू लागले, या आनंदात मी पहिल्या वर्षी कोणालाच नकार दिला नाही. पाचव्या महिन्यात नृत्यविभागाच्या द्वितीय वर्षाच्या मुलींनी मला लिहून दिले की या सत्रात त्या चौदा ठिकाणी नाचल्या, त्यांपैकी नऊ ठिकाणी कपडे बदलायला बंद खोली नव्हती आणि एका ठिकाणी कार्यक्रम रात्री उशिरा संपल्यावर त्यांना घरी सोडायची कोणतीच सोय नव्हती. ते पत्र मी आजही जपून ठेवले आहे.

त्यानंतर आम्ही निमंत्रणांसाठी एक लेखी नियमावली केली. कपडे बदलण्यासाठी कडी असलेली खोली आणि स्वच्छतागृह, जाण्यायेण्याचे वाहन, सोबत एक शिक्षिका, रात्री नऊची मर्यादा, कलावंत म्हणून विद्यार्थ्यांच्या नावांचा उल्लेख आणि विद्यार्थी-निधीसाठी ठरावीक रक्कम, यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तरी निमंत्रण नाकारले जाईल, असे त्यात होते. नकाराचे पत्र प्राचार्यांच्याच सहीने जाई, जेणेकरून स्थानिक वजनदार माणसाशी वाकडे घेण्याची वेळ एखाद्या तरुण शिक्षकावर येणार नाही. निम्मी निमंत्रणे त्यामुळे थांबली. जी राहिली ती अधिक आदराची होती.

महाविद्यालयाचे विद्यार्थी शाळांमध्ये जाऊन लहान मुलांना शिकवतात, तेथेही अशीच स्पष्टता हवी. वर्गात शाळेचा एक शिक्षक कायम उपस्थित असावा, एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत सराव होऊ नये आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार गैरप्रकाराची माहिती कळवणे बंधनकारक आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला जाण्यापूर्वी समजावून सांगितलेले असावे.

सारा संबंध एका शिक्षकाच्या मोबाइलमध्ये ठेवणे

प्रत्येक महाविद्यालयात एक उत्साही शिक्षक असतो. गावातल्या भजनी मंडळापासून मैदानाच्या रखवालदारापर्यंत सर्वांचे क्रमांक त्याच्याकडे असतात, तोच सर्वांना भेटतो, तोच रविवारी जातो. त्याच्या घड्याळी तासिका मात्र इतरांइतक्याच असतात. दोन-तीन वर्षांत तो थकतो किंवा दुसरीकडे जातो, आणि त्याच्याबरोबर महाविद्यालयाच्या साऱ्या ओळखी निघून जातात. नव्या शिक्षकाला गावात पुन्हा ‘आपण कोण’ येथून सुरुवात करावी लागते.

हा दोष त्या शिक्षकाचा नसतो. प्राचार्यांनी हे काम कार्यभारात मोजलेले नसते. आठवड्याच्या किमान तीन तासिका या कामासाठी कमी केल्या पाहिजेत, जबाबदारी एकाऐवजी दोघांवर दिली पाहिजे आणि दोघांपैकी एकाची बदली झाली तरी दुसरा राहील, अशी आखणी हवी. भेटींची एक नोंदवही कार्यालयात असावी. आमच्या वहीत चारच रकाने होते : कोणाला भेटलो, त्यांनी काय सांगितले, आपण काय कबूल केले, ते कधी पूर्ण झाले. चौथा रकाना रिकामा राहिलेल्या ओळी मी दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी वाचत असे, आणि खरे सांगायचे तर प्राचार्यपदाच्या कामांपैकी या एका कामाचा मला सर्वाधिक उपयोग झाला. मूल्यांकनाच्या वेळी विस्तारकार्याचा पुरावा म्हणून छायाचित्रे लागतात आणि ती जोडावीतही. परंतु लोकांना दिलेला शब्द पाळला गेला की नाही, हे छायाचित्रात दिसत नाही.

नोंदवही ठेवू लागल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे मुख्यालय वाशीतच आहे, आणि त्या मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा लहानपणी दिलेली माणसे आपल्या आसपास घरोघरी आहेत. बँकेत काम करणारी मध्यमा झालेली बाई, औषधांच्या दुकानातला तबल्याचा विशारद, निवृत्तीनंतर पेटी पुन्हा काढून बसलेले आजोबा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, ते संगीत सर्वसामान्य घरांत पोचावे म्हणूनच. ते पोचले, पण नोकरी-संसाराच्या धबडग्यात अनेकांचे गाणे थांबले. या मंडळींसाठी आम्ही दर शनिवारी संध्याकाळी एक वर्ग मोकळा ठेवला. शिकवणे नाही, परीक्षा नाही. तंबोरा जुळवलेला असे आणि साथीला विद्यार्थी असत. विद्यार्थ्यांना अनोळखी आवाजाला साथ करण्याची सवय झाली आणि आमच्या प्रयोगांना तिकीट काढून येणारा पहिला वर्ग याच खोलीतून तयार झाला.

संबंध बिघडलेलाच असेल तर

प्राचार्यपद स्वीकारताना आधीच्या काळातील नाराजी आपल्याकडे वारशाने येते. अशा वेळी नवा कार्यक्रम जाहीर करणे ही सर्वांत घातक चूक ठरते, कारण जुने कबूल केलेले राहिले असताना नवे काही मागायला आलो, असाच त्याचा अर्थ लागतो. प्रथम काय राहून गेले आहे, ते शोधावे. कोणाचे मानधन द्यायचे आहे, कोणाचे वाद्य परत गेलेले नाही, कोणत्या शाळेला शिबिराचे आश्वासन देऊन आपण फिरकलो नाही. ही यादी लोकांकडूनच मिळते आणि ती ऐकताना स्पष्टीकरण देऊ नये. त्यातले जे पैशाने फिटते, ते त्याच महिन्यात फेडावे. जे तसे फिटत नाही, त्यासाठी प्राचार्यांनी स्वतः जावे. सोबत छायाचित्रकार नसावा आणि हातात पत्रिकाही नसावी.

धवलारीणबाईंकडे मी असे तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी त्यांच्या नात्यातले लग्न होते आणि त्यांनी मला हळदीच्या रात्री थांबायला सांगितले. मांडवातल्या जमिनीवर बसून, बायकांच्या घोळक्यात, मी तो धवला पहाटेपर्यंत ऐकला. सहा मिनिटांत आम्ही काय तोडले होते, ते मला त्या रात्री कळले.

पुढच्या सत्रात त्या महाविद्यालयात आल्या, पण मंचावर नाही. त्यांनी वर्गातल्या खुर्च्या बाहेर काढायला लावल्या, जाते आणि सूप मागवले आणि मुलींना जात्याभोवती बसवले. दोघीतिघींनी वह्या उघडल्या, तेव्हा त्या मिटवायला सांगून त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि मुलींकडून ती चार वेळा म्हणवून घेतली. जात्याच्या दांड्यावर एकीचा हात चुकीचा पडत होता, तर त्यांनी गाणे न थांबवता आपला हात तिच्या हातावर ठेवून दोन फेरे काढले. दुपारी निघताना मी पुढच्या वर्षीची तारीख विचारली. महाविद्यालयाच्या सोयीने मी डिसेंबर सुचवला होता. तुळशीचे लग्न लागले की लग्नघरांची बोलावणी सुरू होतात, म्हणून दसऱ्यानंतरचा आठवडा धरा, असे त्यांनी सांगितले, आणि शैक्षणिक दिनदर्शिकेत आम्ही तोच आठवडा लिहिला.